तळमजल्याची खोली आणि कवळीकाकांचा नकार

कवळीकाका या नावाने ज्यांना आसपासच्या गल्ल्या ओळखत, ते वयाच्या पंचाऐंशीव्या वर्षी निवर्तले. त्यांपैकी निम्म्याहून अधिक वर्षे त्यांनी एकाच इमारतीत भाडेकरू म्हणून काढली, आणि साठ वर्षे दातांच्या कवळ्या घडवल्या. एवढ्या दीर्घ आयुष्यात ते कोणावर आवाज चढवून बोलल्याचे कोणाला आठवत नाही. कोणी काही सांगितले की ते 'बरं' म्हणत. दूधवाल्याला बरं, डॉक्टरांना बरं, आणि पत्नीला तर ती बोलण्याआधीच बरं. अशा माणसाने एकदा भर जिन्यात, सगळ्या शेजाऱ्यांसमोर 'नाही' म्हटले. तेव्हा ते अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. त्यांच्या आयुष्याची हकीकत सांगायची तर त्या 'नाही'भोवतीच सांगावी लागते.

त्यांचा धंदा बहुतेकांना दिसतही नसे. माणसे दातांच्या डॉक्टरांकडे जात आणि नवे दात घालून परत येत. मधल्या काळात ते दात कोण घडवतो याची चौकशी कोणी करीत नसे. डॉक्टर हिरड्यांचा ठसा घेऊन पाठवीत. काका त्यात प्लास्टर ओतून जबड्याचा साचा काढीत, त्या साच्यावर गुलाबी मेणाचा पट्टा बसवीत, आणि त्या मेणात एकेक दात रोवीत. स्पिरिटच्या दिव्यावर सुरी तापवायची, मेण किंचित सोडवायचे, दात केसभर फिरवायचा, पुन्हा पाहायचे. त्यांची एक पद्धत होती. ठशावर त्यांचे समाधान होत नसे. माणूस प्रत्यक्ष समोर बसला पाहिजे, दोन वाक्ये बोलला पाहिजे, एकदा तरी हसला पाहिजे. "चेहरा पाहिल्याशिवाय दात बसवायचे म्हणजे मापाशिवाय सदरा शिवण्यासारखं," असे ते म्हणत. पुढच्या दातांपैकी एखादा ते मुद्दाम जरासा तिरपा बसवीत. अगदी सरळ रांग लावली की माणूस स्वतःच्याच तोंडात पाहुणा दिसतो, असा त्यांचा अनुभव होता.

हे सारे काम तळमजल्याच्या खोलीत चाले. खिडकीखाली लांब टेबल, त्यावर साच्यांची ओळ, कोपऱ्यात घासणीचे यंत्र, आणि दाराशी काकूंची उंच पाठीची खुर्ची. काकूंचे खुब्याचे हाड एकदा मोडले होते. सांधले, पण पूर्वीसारखे झाले नाही. काठी टेकत त्या अंगणापर्यंत जात, तेथून रस्त्याच्या वळणापर्यंत, आणि भाजीवालीशी भांडून परत येत. घरात आलेल्या बोळक्या तोंडाच्या म्हाताऱ्यांना बसवून घेणे, त्यांची चौकशी करणे आणि त्यांना हसवणे हे काम काकूंचे होते. काका म्हणत, "माझं निम्मं काम हिच्या जिभेवर चालतं." काकू म्हणत, "आणि उरलेलं निम्मं माझ्या चहावर."

मात्र करारात ही खोली काकांची नव्हती. करारात त्यांची खोली तिसऱ्या मजल्यावर होती.

याचे कारण असे. इमारतीच्या जुन्या मालकीणबाईंची एक रीत होती: खोली ज्याला सोयीची, त्याने तिथे राहावे. काकूंचे हाड मोडले तेव्हा तळमजल्यावर भाऊसाहेब राहत. भाऊसाहेब सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. मुलाचे लग्न ठरले होते आणि जागा अपुरी पडत होती. दुसऱ्या मजल्यावरची मोठी जागा शिवणवाल्या ताईंकडे होती. नवरा गेल्यावर आणि मुलगी सासरी गेल्यावर ती त्यांच्या अंगावर येई, शिवाय समोरच्या भिंतीमुळे तिथे दिवसाही अंधार. काळ्या कापडावर काळा दोरा चालवणाऱ्या बाईला प्रकाश हवा होता, आणि तो तिसऱ्या मजल्यावर काकांच्या खिडकीत भरपूर होता. तिघांची गरज तिघांच्या घरात पडलेली होती. मालकीणबाईंनी अंगणात खुर्ची टाकली, हमाल बोलावले आणि एका दिवसात तिन्ही बिऱ्हाडे फिरवली. काका खाली आले, भाऊसाहेब दुसऱ्यावर गेले, ताई तिसऱ्यावर. करार बदलण्याचा विषय भाऊसाहेबांनी काढला होता, तेव्हा बाई म्हणाल्या, "माणसं तीच, भिंती त्याच, मालकीण मीच. कशाला कागद नासायचा?" ज्याने त्याने आपापल्या नव्या खोलीचे भाडे द्यायला सुरुवात केली आणि प्रकरण संपले. त्यानंतर बारा वर्षे कोणाला त्याची आठवणही झाली नाही.

पुढे बाई थकल्या, लेकाकडे राहायला गेल्या, आणि लेकाने इमारत विकली. नवा मालक कोणी पाहिला नाही. त्याच्या वतीने आला तो मॅनेजर. माणूस मोठा गोड बोलणारा. प्रत्येक दारात चप्पल काढी, म्हाताऱ्यांना नमस्कार करी, आणि बोलताना ताकास तूर लागू देत नसे.

"काका, मालकांची काहीच हरकत नाही बरं का," तो काकांच्या टेबलाशी उभा राहून म्हणाला. "फक्त कागदावर तुम्ही तिसऱ्या मजल्यावर आहात आणि बसलाय तळमजल्यावर. म्हणजे बघा, या खोलीत तुम्ही कोण? उद्या कोणी विचारलं तर आम्ही काय सांगायचं?"

"सांगा, कवळीकाका आहेत म्हणून," काकू दारातून म्हणाल्या.

मॅनेजर मनापासून हसला. "काकू, तुमच्यासारख्या बोलणाऱ्या माणसांमुळेच घराला घरपण असतं. पण महिनाअखेरपर्यंत ज्याने त्याने आपल्या कागदाच्या खोलीत जावं. मग सगळ्यांशी छान नवे करार करू. नाहीतर तीन खोल्या बेकायदा धरल्याची नोटीस काढावी लागेल. माझी इच्छा नाही हो, पण वरून हुकूम आहे."

ताईंची पाचावर धारण बसली. भाऊसाहेबांचे मात्र निराळे झाले. कागद आणि वस्तुस्थिती यांत फरक असणे त्यांना बारा वर्षे आतून बोचत होते. त्यांना मॅनेजरचे म्हणणे पटले. त्यांनी त्याच संध्याकाळी काका आणि ताईंना बोलावले आणि कागदावर नकाशा काढून योजना मांडली. येत्या रविवारी तिघांनी एकदम हलायचे. काकांनी प्रथम तळमजला रिकामा करायचा, की भाऊसाहेब खाली येतील. मग ताई दुसऱ्यावर उतरतील. मग काका तिसऱ्यावर चढतील. तोवर काकांचे सामान अंगणात.

"एकदा कागद आणि माणूस जुळला की कोणाची टाप आहे बोलायची?" भाऊसाहेब म्हणाले. "काय काका?"

"बरं," काका म्हणाले.

"मला अंधारात डोळे फोडावे लागतील," ताई पुटपुटल्या. "पण रस्त्यावर येण्यापेक्षा बरं."

घरी येऊन काकांनी हे काकूंना सांगितले. जेवण झाल्यावर, ताटे आवरताना त्या म्हणाल्या, "वर न्याल ते खरं. चौघे जण खुर्चीत बसवून उचलतील. पण खाली कधी आणाल?"

काकांनी उत्तर शोधले. डॉक्टरकडे न्यायचे असेल तेव्हा, असे त्यांच्या तोंडावर आले होते; पण ते उत्तर नव्हे हे त्यांना बोलण्याआधीच कळले. तिसऱ्या मजल्यावर काकू खिडकीतून रस्ता पाहतील, आणि बस्स. भाजीवाली नाही, वळण नाही, दारात येऊन बसणारे म्हातारे नाहीत. आणि त्या म्हाताऱ्यांनाही जिना चढता येणार नव्हता. म्हणजे काकांनी चेहरे न पाहताच दात रोवायचे. दुसऱ्या दिवशी त्यांनी एकच दात मेणात तीनदा बसवला आणि तीनदा काढला.

रविवारी सकाळी जिन्यात कल्लोळ माजला. भाऊसाहेबांची गादी कठड्यावर, ताईंचे शिवणयंत्र तिसऱ्या मजल्याच्या पायरीवर, भाऊसाहेबांचे लोखंडी कपाट वळणावर आडवे अडकलेले. भाऊसाहेबांचा मुलगा कपाटाच्या एका बाजूला आणि हमाल दुसऱ्या बाजूला. बाहेर निघायचे तर आधी कोणी तरी खाली जागा करून द्यायला हवी होती. खाली मात्र काकांचे दार उघडे, काकू खुर्चीत, आणि काका टेबलाशी दिवा पेटवून बसलेले. एक साचाही जागचा हलला नव्हता.

"अहो काका!" भाऊसाहेब कपाटावरून वाकून ओरडले. "आवरलं नाही अजून?"

काका दिवा विझवून बाहेर आले. हात पुसले. सगळे वरून त्यांच्याकडे पाहत होते.

"नाही," ते म्हणाले.

"नाही म्हणजे? किती वेळ लागेल?"

"वेळेचं नाही, भाऊसाहेब. मी जाणार नाही. हिला वर नेलं तर ती खाली यायची नाही. तुम्ही काय वाटेल ते म्हणा."

काकूंनीसुद्धा मान वळवून नवऱ्याकडे पाहिले, जणू खोलीत दुसरेच कोणी बोलले असावे.

"आणि आमचं काय?" ताईंचा आवाज वरून आला. "काका, तुम्ही हलला नाहीत तर आमच्यापैकी कोणीच हलू शकत नाही! तुमच्या एकट्यापायी तिघांना नोटीस!"

"आयुष्यभर बरं-बरं केलंत आणि ऐन वेळी काढता पाय घेतलात," भाऊसाहेब म्हणाले. "शाब्बास!"

"मी पाय काढलेला नाही," काका म्हणाले. "पाय आहे तिथेच आहे."

कोपऱ्यात एक हमाल फिसकन हसला. भाऊसाहेबांनी त्याच्याकडे असे पाहिले की त्याने कपाट उचलायला घेतले. सामान जिथल्या तिथे परत गेले. जाताना प्रत्येक वस्तू येतानापेक्षा जड झाली होती, आणि प्रत्येक जण ती नेताना, खाली काकांना ऐकू जावे म्हणून, जरा जास्तच आपटत होता.

पुढचा आठवडा काकांना अवघड गेला. ताई अंगणात भेटल्या तर नळाकडे तोंड करीत. भाऊसाहेब रोज संध्याकाळी येऊन काकूंना वर्तमानपत्रातल्या गमती वाचून दाखवीत, ते बंद झाले. काकांना अबोल्यापेक्षा एका आवाजाचे जास्त वाईट वाटे. भाऊसाहेबांची खालची कवळी सैल झाली होती. ती काकांनीच घडवलेली, आणि हिरडी झिजल्यावर ती आतून भरून घ्यावी लागे. अर्ध्या दिवसाचे काम. पण भाऊसाहेब आता खाली येतील कसे? ते जिन्यातून कोणाशी बोलत उतरले की प्रत्येक शब्दामागे खट्, खट् असा आवाज येई. काका टेबलाशी बसून तो ऐकत आणि कळवळत.

"बोलावते त्यांना," काकू म्हणत.

"नको. येतील तेव्हा येतील."

"आणि नोटीस आली तर?"

"येईल तेव्हा येईल." यापुढे काकांकडे काही योजना नव्हती, हे प्रांजळपणे नमूद केले पाहिजे. त्यांना फक्त जायचे नव्हते.

भाऊसाहेबांची सून वकील होती. ती मोठ्या कंपन्यांचे करार तपासण्याचे काम करी आणि त्या दिवसांत कामासाठी परगावी गेली होती. भाऊसाहेबांनी तिला काहीही कळवले नव्हते. भाड्याच्या खोलीचा प्रश्न हा त्यांच्या मते कचेरीचा विषय, आणि कचेरी त्यांना ठाऊक होती. शिवाय सुनेला परगावी कशाला ताप द्यायचा, ती येईपर्यंत सारे आवरून ठेवू, असा त्यांचा बेत. ती परतली आणि रात्री जेवायला बसली तेव्हा सासरे कालवलेला भात चमच्याने खात होते.

"बाबा, कवळी सैल झालीये. काकांकडे का नाही गेलात?"

भाऊसाहेबांनी दोनदा विषय बदलला. तिसऱ्यांदा मुलानेच सगळे सांगून टाकले. दुसऱ्या दिवशी सकाळी सूनबाई काकांच्या दारात उभी होती. तिच्या मागे दोन पायऱ्या सोडून भाऊसाहेब, आणि तिच्या हाकेवर खाली आलेल्या ताई.

"काका, तुम्ही हलला नाहीत ना? एक दिवससुद्धा?"

"नाही."

"देवाची कृपा," ती म्हणाली आणि काकूंच्या पायांशी स्टुलावर बसली. "आता सगळे नीट ऐका. घर विकलं म्हणजे आतली माणसं काढून रिकामं विकलेलं नसतं. भाडेकरू घराबरोबर नव्या मालकाकडे जातो. जसा होता तसा. ज्या खोलीत होता त्या खोलीत, ज्या अटींवर होता त्या अटींवर. जुन्या मालकिणीने जे कबूल केलं, ते नव्या मालकाने विकत घेतलंय. तुम्ही बारा वर्षं या खोल्यांत राहताय, बाईंच्या संमतीने, त्या त्या खोलीचं भाडं देऊन. तुमचा हक्क इथेच आहे, वरच्या कागदात नाही."

"मग मॅनेजर म्हणाला ते?" ताई म्हणाल्या.

"तो म्हणाला, हला आणि मग नवे करार करू. बरोबर? तुम्ही हललात की काय होईल? बारा वर्षं ताब्यात असलेली खोली तुम्ही आपल्या पायांनी सोडली. आणि ज्या खोलीत गेलात तिथे तुम्ही कालपासूनचे भाडेकरू. नवा करार, नवं भाडं, आणि मुदत संपली की नमस्कार. त्याला कोणाला बाहेर काढावं लागलंच नसतं. तुम्हीच एकमेकांना काढलं असतं. गाद्या डोक्यावर घेऊन."

"मी... मी नकाशा काढला होता," भाऊसाहेब म्हणाले. खट्.

"बाबा, घरात वकील असताना तुम्ही मला विचारलं नाहीत."

"तू कंपन्यांचं बघतेस, मला वाटलं..."

"बसा," काका मध्येच म्हणाले. त्यांनी खुर्ची ओढली, दिवा पेटवला आणि हात पुढे केला. "आधी ती खालची कवळी काढा. ऐकवत नाही मला."

भाऊसाहेब बसले. नंतर जे काही बोलायचे होते ते त्यांना दात नसताना बोलावे लागले, त्यामुळे नेमके काय म्हणाले ते कोणालाच कळले नाही. काकूंनी मात्र ते स्वीकारल्यासारखी मान डोलावली आणि चहा टाकला.

नोटीस आलीच, आणि प्रकरण भाडेविषयक कार्यालयात गेले. अर्ज भाऊसाहेबांनी लिहिला. इतका नेटका की सुनेने त्यात एक शब्द बदलला नाही. प्रश्न एकच उरला होता: बारा वर्षांपूर्वीची अदलाबदल मालकीणबाईंच्या संमतीने झाली, हे सांगणार कोण? त्यांच्या लेकाने तर फोनवरच झटकून टाकले. "आमचा आता काही संबंध नाही." बाई आल्या नाहीत तर खोली जाईल, आणि खोली गेली तर काकूंचे अंगण जाईल, हे काकांना स्वच्छ दिसत होते.

शेवटी काकू म्हणाल्या, "लेकाला काय विचारता? तिला विचारा." त्यांनी रिक्षा बोलावली, काठी घेतली आणि ताईंना बरोबर घेऊन स्वतः गेल्या. परत आल्या त्या हसतच. "ती येतेय. लेक दारात आडवा उभा होता. म्हणाला, आई, इमारत विकली आपण. ती म्हणाली, इमारत विकली, जीभ नाही विकली."

सुनावणीच्या दिवशी मालकीणबाई रेशमी पदर डोक्यावरून घेऊन आल्या आणि सुनावणी घेणाऱ्या अधिकारी बाईंच्या समोर बसल्या. मॅनेजर अदबीने म्हणाला, की पूर्वीच्या मालकिणीला या अदलाबदलीची कल्पना नव्हती. भाडेकरूंनी ती परस्पर केली असावी.

"मला कल्पना नव्हती?" मालकीणबाई म्हणाल्या. "अंगणात खुर्ची टाकून दिवसभर उन्हात बसले होते मी. हमालाने भाऊसाहेबांचा आरसा फोडला, तो मी भरून दिला. या खालच्या खोलीला उतरती फळी हवी, दार रुंद हवं, तेही मीच करून दिलं, हिच्या काठीसाठी. आणि मला कल्पना नव्हती? अरे, तू तेव्हा शाळेत असशील."

अधिकारी बाईंनी हसू आवरले आणि काकांकडे वळून विचारले, "काका, सगळे हलायला तयार होते. तुम्हीच का नाही म्हणालात? कायदा माहीत होता?"

"नाही हो. कायद्यासाठी वर सूनबाई आहेत," काका म्हणाले. "बायकोला वर नेलं असतं तर ती खाली आली नसती. एवढंच होतं."

निकाल थोडक्यात असा लागला. तिन्ही भाडेकरू आज ज्या खोल्यांत आहेत त्या खोल्यांचेच भाडेकरू मानावेत. पूर्वीच्या मालकिणीने दिलेली संमती नव्या मालकावर बंधनकारक आहे. नव्या मालकाने महिन्याभरात तिघांचे करार राहत्या खोल्यांच्या नावाने, जुन्याच अटींवर करून द्यावेत. मॅनेजरने करार करून दिले, आणि तेही चप्पल काढून. पुढे त्याच्या आईची कवळी काकांनीच केली. ती दोनदा येऊन काकूंच्या खुर्चीशेजारी बसून गेली, आणि हसली.

काका त्यानंतर सात वर्षे त्याच टेबलाशी बसले. शेवटी हात थरथरू लागले तेव्हा नवी कामे घेणे त्यांनी थांबवले. जुन्या कवळ्या तेवढ्या घासून, भरून देत. एका दुपारी जेवून आडवे झाले ते उठले नाहीत. दाराशी काकू बसल्या होत्या आणि भाऊसाहेब वाचून दाखवीत होते. दोघांनाही वाटले, लवंडलेत जरा.

खोलीचा करार आता काकूंच्या नावे आहे. सूनबाईंनी अर्ज केला आणि यावेळी कोणी हरकत घेतली नाही. काकांची हत्यारे गावातल्या एका तरुण कारागिरणीने नेली. ती महिन्यातून एकदा येते आणि काकूंना विचारते की अमुक माणसाचा पुढचा दात किती तिरपा ठेवू. नव्या मालकाच्या वतीने मॅनेजरने अंगणाच्या फुटक्या फरशीची दुरुस्ती करून देण्याचे सुनावणीत कबूल केले होते. ती अजून झालेली नाही. मॅनेजर दिसला की काकू काठीने ती फुटकी फरशी दाखवतात, तो नमस्कार करतो आणि म्हणतो, "या महिन्यात नक्की." काकू म्हणतात, "बरं."